इस्लामचा आरंभकाळ : साधनांची चिकित्सा आणि धर्मग्रंथाचा कालनिर्णय

प्रस्तावना :
कोणत्याही धर्माच्या उगमाचा इतिहास लिहिताना अभ्यासकासमोर पहिला प्रश्न असतो तो साधनांचा. इस्लामच्या बाबतीत तो विशेष तीव्र आहे. प्रेषित मुहंमद यांचे निधन इ. स. ६३२ मध्ये झाले. त्यांचे विस्तृत चरित्र लिहिणारा इब्न इसहाक सुमारे ७६७ मध्ये वारला आणि त्याचा ग्रंथ आज मुख्यतः इब्न हिशामने संस्कारित केलेल्या रूपातच उपलब्ध आहे. घटना व लेखन यांतील हे अंतर हाच वादाचा गाभा होय.

संशयवादी भूमिका :
इग्नात्स गोल्डत्सिहर यांनी १८९० मध्ये असे प्रतिपादन केले की, अनेक हदीसांमध्ये नंतरच्या पिढ्यांतील मतभेदांचे प्रतिबिंब आढळते. १९७७ मध्ये हा संशय टोकास गेला. जॉन वान्सब्रो यांनी कुराणाची संहिता सुमारे दोन शतकांनंतर स्थिरावली असे मांडले. तर पॅट्रिशिया क्रोन व मायकेल कुक यांनी 'हॅगरिझम' या ग्रंथात मुस्लिम परंपरा बाजूला ठेवून ग्रीक, सिरियाक, आर्मेनियन इत्यादी साधनांवरून इतिहास उभारण्याचा प्रयत्न केला.

नवा पुरावा :
सना येथील मोठ्या मशिदीच्या दुरुस्तीत १९७२ मध्ये जुनी हस्तलिखिते सापडली. त्यांतील एका चर्मपत्रावर मूळ मजकूर पुसून दुसरा लिहिलेला आहे. खालच्या मजकुरात प्रचलित पाठाहून भिन्न शब्द व सुरांचा भिन्न क्रम आढळतो. बर्मिंगहॅम येथील कुराणाच्या पानांचे चर्मपत्र किरणोत्सारी कार्बन चाचणीनुसार ९५.४ टक्के संभाव्यतेने ५६८ ते ६४५ या काळातील असल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. ही चाचणी चर्माचे वय सांगते, लेखनाचे नव्हे, हे येथे ध्यानी घ्यावे. जेरुसलेममधील 'कुब्बत अस्-सख्रा' या वास्तूवरील हिजरी ७२ (इ. स. ६९१-९२) च्या लेखातही कुराणातील वचने आहेत. या सर्वांमुळे वान्सब्रो यांचा उशिराचा कालनिर्णय आज टिकत नाही.

विवेचन :
तथापि येथे एक भेद करणे अगत्याचे आहे. संहिता प्राचीन ठरली म्हणजे चरित्रग्रंथांतील प्रत्येक प्रसंग सिद्ध झाला असे नव्हे. कुराणात मुहंमद हे नाव केवळ चार वेळा येते आणि घटनांचा कालानुक्रम त्यात नाही. उलटपक्षी, चरित्रग्रंथ उशिराचे म्हणून प्रेषितांचे अस्तित्वच नाकारणेही अशास्त्रीय ठरते. कारण सातव्या शतकातील सेबेओस याच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आर्मेनियन इतिहासात त्यांचा नावानिशी उल्लेख आहे. स्वतः क्रोन यांनीही पुढे त्यांचे ऐतिहासिक अस्तित्व निःसंशय मानले.

चिकित्सा ही केवळ पाश्चात्त्यांची देणगी आहे, असेही नव्हे. हदीस निवेदकांची विश्वासार्हता तपासणारे स्वतंत्र शास्त्र मुस्लिम विद्वानांनीच विकसित केले. दहाव्या शतकात इब्न मुजाहिदने सात पठणपद्धती अधिकृत ठरविल्या, याचाच अर्थ पाठभेदांची जाणीव परंपरेला होती.

निष्कर्ष :
संहितेचा काळ व प्रेषितांचे चरित्र हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर आज पुष्कळसे पुराव्यानिशी देता येते, दुसऱ्याचे मर्यादितच. वचन ईश्वरी आहे काय, हा तिसरा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा आहे. विविध श्रद्धांचे विद्यार्थी समोर बसलेले असताना अध्यापकाने हे तीन प्रश्न वेगळे ठेवले, तर चिकित्सेला अवमानाचे आणि श्रद्धेला पुराव्याचे रूप येणार नाही. हाच निकष अन्य धर्मग्रंथांनाही लावला पाहिजे.