दांडीची सायकल

गेल्या उन्हाळ्यात माहेरच्या गोठ्यात आढ्याला टांगलेली वडिलांची २२ इंची काळी सायकल मी खाली उतरवली. चाकं कधीच गेली होती. उरली होती नुसती फ्रेम आणि पुढचा चिमटा.

याच सायकलवरून दादा सहा किलोमीटरवरच्या हायस्कूलला गेला. ताईची शाळा मात्र सातवीला सुटली. "दांडीच्या सायकलवर पोरीनं टांग टाकायची?" एवढं एक वाक्य घरात बोललं गेलं आणि विषय संपला. म्हणून फ्रेम दुरुस्त करायला घेतली तेव्हा मी आधी या दांडीचाच इतिहास शोधला.

१८८५ साली इंग्लंडात, कोव्हेंट्री शहरात, जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर नावाची सायकल आणली. त्याआधीच्या सायकलींचं पुढचं चाक प्रचंड उंच असायचं. पडलं की माणूस थेट तोंडावर. रोव्हरची दोन्ही चाकं जवळपास सारखी होती आणि चेन मागचं चाक फिरवायची. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर केला, मग हादरेही कमी झाले. पुढे फ्रेमचा आजचा आकार पक्का झाला. त्यात वरची दांडी म्हणजे घराची तुळई. सांगाडा ताठ ठेवणं हे तिचं काम. तिकडच्या बायकांचे झगे घोळदार, ते अडकायचे, म्हणून त्यांच्यासाठी दांडी खाली घेतली. अडचण कपड्याची होती, बाईच्या पायांची नव्हती.

आपल्याच देशातली गोष्ट ऐका. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहीम सुरू झाली. शीला राणी चुंकत तेव्हा कलेक्टर होत्या. अक्षरांबरोबर सायकलही शिकवायची असं ठरलं. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या, अशा हजारो बायका सायकल शिकल्या. लोकांनी नावं ठेवली, तरी त्या थांबल्या नाहीत. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी दांडीच्याच घेतल्या. काहींना तर त्याच आवडल्या, कारण दांडीवर लेकरू बसवता येतं! माल घेऊन चार गावं जास्त फिरता येऊ लागली, तशी कमाईही वाढली.

आता माझ्या फ्रेमचं सांगते. पहिल्यांदा करणारीनं आधी नळ्यांचे जोड नीट बघावेत. चीर दिसली तर वेल्डिंगवाल्याला दाखवावं, रंगाखाली झाकू नये. माझी फ्रेम शाबूत निघाली. पॉलिश पेपरनं गंज घासला, रॉकेलच्या फडक्यानं पुसलं आणि कोरडं झाल्यावर रेडऑक्साइडचा हात दिला. तो वाळल्यावर काळ्या रंगाचे दोन पातळ हात. पायडलच्या धुरीची जागा आधी कागद कोंबून बंद केली, नाहीतर आट्यांत रंग बसतो. चाकं, चेन, छर्रे मात्र गावातल्या मिस्त्रीकडून बसवून घेतले. ब्रेक तपासल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढली नाही.

मागच्या रविवारी ताई आली. बराच वेळ दांडीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "धर मागून." शाळेच्या मैदानावर दोनदा पडली, तिसऱ्यांदा दहा हात गेली.

मैत्रिणींनो, तुमच्याही गोठ्यात अशी एखादी सायकल टांगलेली असेल. भंगारात देण्याआधी एकदा खाली उतरवून बघा.