अल्पाकांमधील गळूचा रोग : अँडीजमधील पशुपालनाच्या इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना :
पशुरोगांचा इतिहास बहुधा जिवाणूंच्या शोधाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु जनावरे कोणी, कोठे व कोणत्या हेतूने पाळली, यावरही रोगाचा प्रसार अवलंबून असतो. पेरू देशातील अल्पाका या लोकरीसाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्याचा गळूचा रोग हे याचे बोलके उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या दृष्टीने त्याचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
विकुन्या या वन्य प्राण्यापासून अल्पाका हजारो वर्षांपूर्वी माणसाळविला गेला. इंका राजवटीत कळपांची काटेकोर गणना होत असे. खरूज झालेले जनावर उपचारात वेळ न घालविता तत्काळ पुरावे, असा तेथील दंडक असल्याची नोंद स्पॅनिश अधिकारी पोलो दे ओंदेगार्दो याने केली आहे. इ. स. १५३२ मध्ये सुरू झालेल्या स्पॅनिश आक्रमणाने ही व्यवस्था मोडली. स्थानिक कळप झपाट्याने घटले. स्पॅनिशांनी आणलेल्या मेंढ्या त्याच कुरणांवर चरू लागल्या.

रोगाचे स्वरूप :
कोरिनेबॅक्टेरियम स्यूडोट्युबरक्युलोसिस हा या रोगाचा एक प्रमुख जिवाणू. फ्रेंच पशुवैद्यक एद्मों नोकार यांनी इ. स. १८८८ मध्ये तो गुरामधून वेगळा केला. हा मुख्यतः मेंढ्या-शेळ्यांचा जिवाणू असल्याने तो मेंढ्यांबरोबरच अँडीजमध्ये पोहोचला असावा, असा तर्क करता येतो. लोकर कातरताना झालेल्या जखमांतून तो शरीरात शिरतो व लसिका ग्रंथींत घट्ट पू साठवितो. गळवाच्या जाड आवरणामुळे प्रतिजैविके आत पुरेशी पोहोचत नाहीत. गळू फुटल्यास कातर, वाडा व माती दूषित होते आणि जिवाणू तेथे दीर्घकाळ तग धरतो. म्हणजेच ज्या लोकरीसाठी प्राणी पाळला जातो, ती काढण्याची क्रियाच रोगप्रसाराचे साधन ठरते.

निष्कर्ष :
आजारी जनावर वेगळे ठेवणे, कातर निर्जंतुक करणे व मेंढ्यांचे कळप दूर राखणे, हेच या रोगावरील प्रमुख उपाय आहेत. इंकांच्या दंडकामागे राज्याची शक्ती होती. मोजक्या जनावरांवर उपजीविका करणाऱ्या आजच्या मेंढपाळास मात्र एक अल्पाका कळपातून काढणे म्हणजे वर्षाच्या मिळकतीचा अंश गमावणे होय. म्हणून या रोगाचे नियंत्रण हा केवळ पशुवैद्यकाचा विषय नसून तो ग्रामीण अर्थव्यवस्थेचाही प्रश्न आहे.