रंगाचें माप

एके काळीं महाराष्ट्रांतील असंख्य घरांत राजा रविवर्मा यांच्या लक्ष्मी-सरस्वतींचीं छापील चित्रें भिंतीवर दिसत. ज्यांस मूळ तैलचित्र पाहण्याचा योग कधींच येणार नव्हता, त्यांना त्या छापावरच विसंबावें लागे. मूळचा रंग छापांत कितपत उतरला, हा प्रश्न तेव्हांपासूनचा आहे.

रविवर्म्यांचा छापखाना १८९४ सालीं मुंबईंत निघाला व पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला. शिळाछापांत प्रत्येक रंगासाठीं निराळा दगड लागे, आणि रंग जुळला कीं नाहीं हें कारागिराचा डोळा ठरवी. ज्या नाशिक जिल्ह्यांत बागलाणांतील नामपूर आहे, त्याच जिल्ह्यांत त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं छपाईच्याच व्यवसायांत होते. रंगीत छपाईची विद्या व यंत्रें आणण्यासाठीं ते १९०९ सालीं जर्मनीस गेले.

तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांपासून इतर रंग साधतात, हें मॅक्सवेल यांनीं १८६१ सालीं दाखविलें होतें. परंतु तांबडा म्हणजे कोणाचा तांबडा? पूर्वीं पेठोपेठीं शेर निराळा असे. नुसतें ‘पांच शेर’ म्हटल्यानें धान्य किती तें कळत नसे. रंगाची गोष्ट तीच. १९३१ सालीं प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगानें मानवी दृष्टीला धरून रंगाचें सर्वमान्य माप ठरविलें. त्याच्याच आधारें १९९३ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय रंगसंघानें प्रत्येक यंत्राच्या रंगवर्णनाची, म्हणजे ‘प्रोफाइल’ची, एक पद्धति घालून दिली.

संगणकावरील छायाचित्रांत वस्तुतः आंकडेच असतात. ते कोणत्या पेठेच्या शेरानें मोजले, हें प्रोफाइल सांगतें. म्हणून संस्कारापूर्वीं पडद्यावर मापकयंत्र ठेवून त्याचा उजेड नियमित करावा लागतो व पांढरा रंग बहुधा ६५०० केल्विनवर बसवितात. मग दोन क्रियांतील भेद ओळखावा. प्रोफाइल नुसतें नेमून दिलें तर आंकडे तेच राहतात, पण रंग बदलतो. पेठेचें नांव पालटलें, धान्य मात्र पुन्हां मोजलें नाहीं, असें तें होतें. रूपांतर केलें तर आंकडे बदलतात आणि रंग शक्य तितका जसाच्या तसा राहतो.

अ‍ॅडोबी आरजीबी मापाचे आंकडे कोणीं एसआरजीबी समजून वाचले, तर बागलाणांतलें रसरशीत डाळिंबही फिकें दिसतें. दूरच्या व्यापाऱ्यानें चित्र पाहून माल हलका ठरविला, तर त्यांत शेतकऱ्याचा दोष कोणता? नामपुरांतील छायाचित्रकारापुढें आज हाच प्रश्न आहे. मळवलीच्या कारागिराला आपल्या डोळ्यावर भिस्त ठेवावी लागे. याला मापाचा आधार मिळाला आहे. चित्र पाठवितांना त्यांत प्रोफाइल जोडावें, आणि छापावयाचें असल्यास छापखान्याचें प्रोफाइल आधीं मागवून घ्यावें, इतकेंच त्याच्याकडून अपेक्षित आहे.