नऊ महिन्यांचा माणूस

स्वित्झर्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतो आणि त्या बर्फात पातळ साडी नेसून नाचणारी नायिका येते. आमच्या पिढीने आल्प्स पर्वत आधी भूगोलाच्या पुस्तकात वाचला आणि नंतर थिएटरात पाहिला. १९९५ साली आलेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या चित्रपटाचा काही भाग ग्श्टाड आणि झानेन या गावांच्या परिसरात चित्रित झाला होता. ही गावे स्कीइंगची. दोन लांब पट्ट्या पायांना बांधायच्या आणि बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यायचे, हा तो खेळ. नाताळच्या आधी सुरू झालेला त्याचा हंगाम ईस्टरच्या सुमाराला संपतो. तेवढ्या चार-पाच महिन्यांत डोंगरातली हॉटेले भरून वाहतात.

पडद्यावर आपल्याला हॉटेल दिसते, खिडकीबाहेरचा बर्फ दिसतो, टेबलावरची वाफाळती कॉफी दिसते. ती कॉफी कोणी आणून ठेवली? पहाटे उठून दारातला बर्फ कोणी उपसला? खोल्याखोल्यांतल्या चादरी कोणी बदलल्या, तळघरात भांड्यांचा ढीग कोणी घासला? आज मला या माणसाविषयी बोलायचे आहे. पुष्कळदा तो परदेशी असे. तिथल्या फ्रेंच बोलीत त्याला ‘सेझोनिए’ म्हणत, म्हणजे हंगामी. हे नाव कायद्यातून आलेले होते, आणि त्या कायद्याचा इतिहास बर्फाइतका शुभ्र नाही.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी हिवाळ्यात या डोंगरांत पाहुणे येत नसत. इंग्रज प्रवासी उन्हाळ्यात येत आणि थंडी पडली की परत जात. सेंट मॉरिट्झचे हॉटेलमालक योहानेस बाद्रुट यांची एक गोष्ट सांगितली जाते. १८६४ साली त्यांनी आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली, की हिवाळ्यात येऊन पाहा, आवडले नाही तर येण्याजाण्याचा खर्च माझा. पाहुणे आले आणि वसंतापर्यंत हललेच नाहीत. गोष्ट थोडी रंगवलेली असेल, पण हिवाळी पर्यटन त्याच सुमाराला रुजले, एवढे खरे. पुढे शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल पत्नीच्या क्षयासाठी दावोसला येऊन राहिले. १८९४ साली ते स्कीवरून डोंगर ओलांडून दावोसहून आरोसाला गेले आणि त्यावर त्यांनी लेखही लिहिला. १९२८ साली सेंट मॉरिट्झला हिवाळी ऑलिम्पिक झाले. १९३४ च्या नाताळात दावोसला माणसांना उतारावरून वर ओढून नेणारी लिफ्ट सुरू झाली. आता दमछाक करत डोंगर चढायला नको होता. खेळ सोपा झाला, पाहुणे वाढले, हॉटेले वाढली.

पण हॉटेलवाल्यांपुढे एक अडचण होती. चार-पाच महिने त्यांना भरपूर हात हवे असत आणि बर्फ वितळला की त्याच हातांचे करायचे काय, हा प्रश्न पडे. वसंतात आणि शरदात डोंगरातली कितीतरी हॉटेले चक्क कुलूप लावून बंद होत. वर्षभराचा पगार कोण देणार? बांधकामवाल्यांची आणि शेतकऱ्यांची अडचणही तीच होती, फक्त त्यांचे महिने वेगळे.

यावर कायद्याने तोडगा काढला. परदेशी लोकांच्या वास्तव्याविषयीचा स्विस कायदा १९३१ साली झाला आणि १ जानेवारी १९३४ पासून अमलात आला. देशात परकीयांची गर्दी होऊ नये, ही त्यामागची भीती होती. त्याच चौकटीत हंगामी परवान्याची व्यवस्था उभी राहिली. वर्षातून जास्तीत जास्त नऊ महिने काम करायचे आणि उरलेले तीन महिने देशाबाहेर जायचे. मालक बदलायचा नाही. एका कँटनमधून, म्हणजे तिथल्या एका राज्यातून, दुसऱ्या राज्यात कामाला जायचे नाही. राहायचे ते बहुधा मालकाने दिलेल्या जागेत, हॉटेलच्या माळ्यावर नाहीतर बराकीत. आणि सगळ्यांत महत्त्वाची अट अशी, की बायकामुलांना आणायचे नाही.

दुसऱ्या महायुद्धात युरोप उद्ध्वस्त झाला, पण तटस्थ स्वित्झर्लंडचे कारखाने आणि हॉटेले शाबूत राहिली. शेजारच्या इटलीत तेव्हा काम नव्हते. १९४८ च्या फेब्रुवारीत सेंट मॉरिट्झला पुन्हा हिवाळी ऑलिम्पिक रंगले आणि त्याच वर्षी जूनमध्ये स्वित्झर्लंड व इटली यांच्यात कामगार आणण्याचा करार झाला. आगगाड्या भरभरून माणसे येऊ लागली. सीमेवरच्या कियास्सो आणि ब्रिग या स्टेशनांवर त्यांना उतरवून घेत. कमरेपर्यंत कपडे काढून रांगेत उभे राहायचे, छातीचा एक्स-रे काढून घ्यायचा, आजार नाही असा शिक्का मिळाला की पुढची गाडी. त्याच डोंगरातल्या आरोग्यधामांत श्रीमंत क्षयरोगी हवापालटासाठी येऊन राहत असत. कामगाराच्या छातीवर डाग दिसला, तर मात्र त्याला परतीची गाडी.

१९६० च्या दशकाच्या मध्याला या हंगामी कामगारांची संख्या दोन लाखांवर गेली होती. त्यांतले बहुसंख्य बांधकामावर होते. हॉटेलांतल्यांची संख्या कमी, पण पाहुण्यांच्या सगळ्यांत जवळ तेच वावरत. आधी इटालियन आले, मग स्पॅनिश, मग पोर्तुगीज आणि युगोस्लाव्ह. त्यांत स्त्रियाही होत्या. खोल्या लावणे, कपडे धुणे, इस्त्री ही कामे त्यांच्याकडे असत.

या कायद्यात आशेला एक फट ठेवलेली होती. १९६४ साली इटलीशी नवा करार झाला. सलग पाच वर्षांत पंचेचाळीस महिने काम केलेल्या हंगामी माणसाला वर्षभराचा परवाना मागता येईल, असे ठरले. वर्षभराचा परवाना मिळाला, तरच पुढे कुटुंब आणण्याची वाट मोकळी होणार. पुढे ही अट चार वर्षांत छत्तीस महिने अशी झाली. आपण लहानपणी पाढे घोकले आहेत, तेव्हा हिशेब करून पाहा. नऊ पाचे पंचेचाळीस, नऊ चोक छत्तीस. म्हणजे दर वर्षी पुरते नऊ महिने भरले पाहिजेत, एक आठवडाही कमी पडता कामा नये. काही मालक करार मुद्दामच थोडे दिवस आखूड करत, म्हणजे माणूस हंगामीच राहावा. आणि स्कीच्या गावात तर मालकाने काही करायचीही गरज नव्हती. हिवाळ्याचा हंगाम जेमतेम चार-पाच महिन्यांचा. उन्हाळ्याचे काम मिळाले नाही, किंवा बर्फ उशिरा पडला म्हणून हॉटेल उशिरा उघडले, तर हिशेब तुटला. पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात. आभाळातून बर्फ केव्हा पडतो यावर आपले मूल आपल्याजवळ केव्हा येईल हे ठरत असेल, तर त्या बापाला बर्फ कसा दिसत असेल?

सगळ्यांनाच इतकी वर्षे थांबता आले नाही. काहींनी मुले लपवून आणली. रात्रीच्या गाडीने, नातेवाइकांच्या मोटारीतून, पर्यटक म्हणून. नवरा-बायको दोघेही हंगामी असले आणि तिथेच मूल जन्मले, तरी त्या मुलाला तिथे राहण्याचा हक्क नसे. आईबाप कामावर गेले की ही मुले खोलीत कोंडलेली असत. रडायचे नाही, पळायचे नाही, खिडकीशी जायचे नाही, दार वाजले तर कपाटात शिरायचे. म्हणून आज त्यांना ‘कपाटातली मुले’ म्हणतात. सत्तरच्या दशकात अशी दहा ते पंधरा हजार मुले असावीत, असा अंदाज सांगितला जातो. लपलेल्या मुलांची मोजदाद कोण करणार? काहींनी मुलांना सीमेपलीकडे, दोमोदोस्सोलासारख्या इटालियन गावांतल्या बालगृहांत ठेवले. तिथून आईबाप काही तासांच्या अंतरावर होते, आणि मध्ये कायदा होता.

याच काळात जेम्स श्वार्झेनबाख नावाच्या खासदाराने परकीयांविरुद्ध मोहीम उघडली. प्रत्येक कँटनमध्ये परकीयांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर नसावे, जिनिव्हापुरते पंचवीस टक्के चालेल, अशी त्याची मागणी होती. ती मान्य झाली असती, तर लाखो माणसांना देश सोडावा लागला असता. ७ जून १९७० रोजी त्यावर जनमत घेतले गेले. मतदान फक्त पुरुषांचे, कारण स्विस स्त्रियांना देशपातळीवरचा मताधिकार १९७१ साली मिळाला. सुमारे ५४ टक्के मतदारांनी मागणी फेटाळली. आपल्या लक्षात राहावी अशी गोष्ट पुढेच आहे. श्वार्झेनबाखच्या मसुद्यात काही परकीयांना सूट होती, त्यांना मोजायचेच नव्हते. त्यांत नऊ महिन्यांपेक्षा जास्त न राहणारे, कुटुंबाशिवाय राहणारे हंगामी कामगार होते. परकीयांना घालवा म्हणणाऱ्यालाही खोली लावणारी बाई आणि बर्फ उपसणारा माणूस हवा होता. नको होता तो त्यांचा संसार.

१९७४ साली फ्रांको ब्रुसाती यांनी ‘ब्रेड अँड चॉकलेट’ हा चित्रपट काढला. स्वित्झर्लंडमध्ये वेटरची जागा मिळवण्यासाठी धडपडणारा एक इटालियन त्याचा नायक आहे. परवाना जातो, तो लपून राहतो, शेवटी केस सोनेरी रंगवून तिथलाच असल्याचे सोंग आणतो. मग एकदा टीव्हीवर फुटबॉलचा सामना लागतो, इटली गोल करते, आणि याच्या तोंडून आनंदाची आरोळी निघते. सोंग तिथेच उघडे पडते. विनोदी चित्रपट आहे, पण हसताना घशात काहीतरी अडकते.

पुढे तेलाचे संकट आले आणि कामे आटली. हजारो हंगामी परवान्यांचे नूतनीकरण झालेच नाही. ती माणसे आपापल्या गावी बेकार झाली, त्यामुळे स्वित्झर्लंडच्या बेकारीच्या आकड्यांत ती दिसली नाहीत. १९८१ साली ही हंगामी व्यवस्था रद्द करावी, म्हणून काही स्विस नागरिकांनीच जनमत मागितले. सुमारे ८४ टक्के मते विरोधात पडली. तरीही सगळा दोष एका देशाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. जिनिव्हासारख्या शहरांत काही शिक्षक-कार्यकर्त्यांनी या मुलांसाठी गुपचूप शाळा चालवल्या. १९९१ साली कँटनांच्या शिक्षणप्रमुखांनी मुलाचा परवाना न बघता त्याला शाळेत घ्यावे, अशी शिफारस केली. मात्र १९९७ साली बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारताना स्वित्झर्लंडने कुटुंब एकत्र आणण्याच्या कलमाला अपवाद नोंदवला. अखेर युरोपीय संघाशी मुक्त संचाराचा करार झाला, तो १ जून २००२ रोजी अमलात आला आणि हंगामी परवाना इतिहासजमा झाला.

आज झेरमाट आणि त्याच्या शेजारचे टेश या गावांत पोर्तुगीज लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांची मुले दप्तर पाठीला लावून उजेडी शाळेत जातात. कपाटातली मुले आता पन्नाशी-साठीची झाली आहेत. त्यांनी २०२१ साली झुरिकमध्ये ‘तेसोरो’ नावाची संघटना काढली. तेसोरो म्हणजे खजिना, आणि इटालियन आई आपल्या लेकराला लाडाने याच नावाने हाक मारते. झाले ते चुकले असे सरकारने म्हणावे, ही त्यांची मागणी आहे. २०२२ साली बील शहरातल्या संग्रहालयाने हंगामी कामगारांच्या आयुष्यावर प्रदर्शनही भरवले.

हे सगळे आपल्याला दूरचे वाटायचे कारण नाही. आपल्याकडे ऊसतोडणीचा हंगाम साधारण याच महिन्यांत असतो. उचल घेऊन बीड-नगरकडची जोडपी फडावर जातात, मुले त्यांच्याबरोबर कोपीत राहतात आणि त्यांची शाळा बुडते. तिथे मूल आईबापांजवळ नसे, इथे मूल जवळ असते पण वर्गात नसते. आणि आम्हा कोकणातल्या मुसलमानांच्या घरांना आखाती देशांचा व्हिसा नवा नाही. ठरावीक पगाराच्या आत असलेल्या माणसाला तिथे कुटुंब नेता येत नाही. आमच्या मोहल्ल्यात कितीतरी मुलांनी अब्बांना आधी फोटोत ओळखले आणि दोन वर्षांनी सुट्टीवर आल्यावर दारात पाहिले. त्यांतल्या एका मुलाने आईला विचारले होते, “हा पाहुणा कधी जाणार?”

हंगाम पिकाचा असतो, उसाचा असतो, बर्फाचाही असतो. माणसाच्या भुकेला, मायेला आणि म्हातारपणाला हंगाम नसतो. परक्या मुलखातून कामाला आलेल्या माणसाला आपण बोलावतो, तेव्हा त्याच्या दोन हातांमागे उभे असलेले घर आपल्याला दिसते का, हे आपल्याही शहरांनी, आपल्याही कारखान्यांनी स्वतःला विचारायला हवे. पुढच्या वेळी पडद्यावर बर्फ दिसला, तर नायक-नायिकेच्या मागच्या त्या हॉटेलकडेही क्षणभर पाहा. वर माळ्याला एक लहान खिडकी असेल.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)