श्पायडेल, क्रिस्तोफ

(1970– ). बेल्जियन बोधचिन्हकार. एक्स्ट्रीम मेटल बँडांच्या नावांना काट्यामुळ्यांचे रूप देणारा. ‘लॉर्ड ऑफ द लोगोज’ म्हणून प्रसिद्ध. शिक्षण वनशास्त्राचे, आणि ते रेषेत दिसते. जोडीला आर नूवो या कलाशैलीची वळणे. नॉर्वेच्या ‘एम्परर’ बँडची अक्षरे त्याचीच. अशी हजारो चिन्हे त्याने हाताने रेखाटली.

ठिपक्यांच्या रांगोळीसारखी डावी-उजवी बाजू जुळवणे हा या कामाचा गाभा. नाव चटकन वाचता न येणे हा इथे दोष नव्हे. ज्याला ओळखायचे तो ओळखतोच. देवनागरीत पेच वेगळा. नवी मुंबईतल्या ‘बोनकोडे’ गावठाणाचे नाव घेतले, तर मुळ्या लोंबवायला शिरोरेखा आयती मिळते. पण पहिल्या ‘बो’चा काना शेवटच्या ‘डे’ला कुठून आणायचा?