ओहायोच्या शिंपल्यांची नावे

गोड्या पाण्यातील शिंपल्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभ लिनिअस यांच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरला जातो. परंतु युरोपातील मोजक्या जातींवर बेतलेल्या त्या मांडणीची खरी कसोटी लागली ती उत्तर अमेरिकेत, कारण तेथील नद्यांत या शिंपल्यांच्या सुमारे ३०० जाती आढळतात. १८१८ मध्ये ओहायो नदीतून प्रवास केलेल्या कॉन्स्टंटाइन राफिनेस्क यांनी १८२० मध्ये ब्रसेल्स येथे फ्रेंचमध्ये प्रबंध प्रसिद्ध केला आणि तेथील शिंपले अनेक नव्या प्रजातींत, म्हणजे निकटच्या जातींच्या गटांत, विभागले. मात्र त्यांची वर्णने इतकी त्रोटक होती की कोणते नाव कोणत्या शिंपल्याचे, याचा उलगडा होणे कठीण झाले.

फिलाडेल्फियातील प्रकाशक आयझॅक ली यांनी १८२७ पासून सुमारे अर्धशतक या विषयाचा ध्यास घेतला. राफिनेस्क यांची बहुतेक नावे नाकारून त्यांनी नव्या जातींचे ढीगच्या ढीग 'युनिओ' या एकाच प्रजातीत घातले. त्यांची काटेकोर वर्णने आणि सुबक चित्रे आजही मोलाची आहेत, परंतु त्यांचा आधार कवच हाच होता, आणि कवच फसवे असते. अनेक जातींत उगमाकडचे शिंपले चपटे, तर खालच्या मोठ्या पात्रातले फुगीर असतात, हे आर्नल्ड ऑर्टमन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. त्यामुळे एकाच जातीला मिळालेली अनेक नावे पुढे रद्द करावी लागली. पिल्लांच्या बाबतीतही असाच घोटाळा झाला होता: मादीच्या कल्ल्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म अळ्यांना १७९७ मध्ये परजीवी समजून 'ग्लोकिडियम' हे स्वतंत्र नाव दिले गेले, आणि त्या शिंपल्याचीच संतती असल्याचे कळल्यावरही ते अळीचे नाव म्हणून टिकले.

वर्गीकरणाला भक्कम पाया मिळाला तो कल्ल्यांचा कोणता भाग अंडी सांभाळतो, हे तपासल्यावरच. चार्ल्स सिम्प्सन यांनी १९०० मध्ये राफिनेस्क यांच्या 'लॅम्प्सिलिस' आणि 'क्वाड्रुला' या प्रजाती पुन्हा वापरात आणल्या, आणि महाराष्ट्राच्या नद्यांतही आढळणाऱ्या शिंपल्यांसाठी 'लॅमेलिडेन्स' ही नवी प्रजाती उभारली. कलकत्त्यात बैनी प्रसाद यांनी १९१८ मध्ये कल्ले आणि अळ्या यांचा अभ्यास करून 'इंडोनेया' ही प्रजाती वेगळी काढली. ली यांनी १८३१ मध्ये नोंदवलेली 'सेरुलिया' ही जाती आज तिच्यातच मोडते.