परळ ते बार्शी : महाराष्ट्रातील कर्करोगचिकित्सेचा एक आढावा

मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार, म्हणजे रेडियम किंवा क्ष-किरणांच्या साहाय्याने रोगग्रस्त पेशी नष्ट करणे, एवढीच दोन साधने वैद्यकाच्या हाती होती. पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने दगावल्यानंतर दोराबजी टाटा यांनी या रोगाच्या संशोधनासाठी निधी उभारला. ते स्वतः १९३२ मध्ये वारले आणि रुग्णालयाची योजना त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने पुढे तडीस नेली. सुरुवातीच्या सुमारे ८० खाटांच्या या संस्थेचे महत्त्व केवळ इमारतीत आणि यंत्रसामग्रीत शोधणे मात्र दिशाभूल करणारे ठरेल, कारण तिची खरी ओळख ठरली ती तिच्या प्रयोगशाळेत पहिल्या काही वर्षांतच विचारल्या गेलेल्या प्रश्नांमुळे.

त्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ होते, म्हणजे रोगामुळे शरीरातील ऊतींमध्ये होणाऱ्या बदलांचा अभ्यास करणारे. युरोप-अमेरिकेतील ग्रंथांत ज्यांचा उल्लेखही नव्हता असे कर्करोग त्यांना इथल्या रुग्णांत आढळत होते, आणि त्यांचे मूळ त्यांनी रुग्णांच्या रीतिरिवाजांत शोधले. १९४५ मध्ये सूर्याबाई यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात त्यांनी कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी धोतर घट्ट आवळल्याने काचणाऱ्या त्वचेवर होणारा कर्करोग, तसेच तंबाखू आणि चुना मळून खालचा ओठ व हिरडी यांमधील खाचेत धरून ठेवणाऱ्यांना नेमका त्याच जागी होणारा कर्करोग, यांचे वर्णन केले. धोतराचा वापर घटला तसा पहिला प्रकार दुर्मीळ झाला. तंबाखूचे मात्र उलट झाले : मळलेला तंबाखू आणि मशेरी यांच्या जोडीला गुटख्याची पुडी आली, २०१२ मध्ये महाराष्ट्र शासनाने तिच्यावर बंदी घातली, आणि तरीही तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण परळच्या बाह्यरुग्ण विभागात येतच राहिले.

खानोलकरांच्याच पुढाकाराने १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथे त्यांच्या विद्यार्थिनी, पुण्यात जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर काचपात्रात जिवंत पेशी वाढवण्याची, देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली. पुढे १९५७ मध्ये रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेले, १९६६ मध्ये संशोधन केंद्र आणि रुग्णालय एकाच छत्राखाली आले. आरोग्याची संस्था अणुऊर्जा खात्याकडे असणे वरवर विचित्र वाटते. पण किरणोपचाराचा अणुविज्ञानाशी असलेला संबंध पाहता हा निर्णय अनाठायी नव्हता, आणि त्यामुळे संशोधनाला मिळालेले स्थैर्य इतर शासकीय रुग्णालयांच्या वाट्याला क्वचितच आले.

रोग कोणाला, कोठे आणि किती होतो याचा हिशेब ठेवल्याशिवाय त्याविरुद्धचे धोरण आखता येत नाही. विशिष्ट भूभागातील प्रत्येक नव्या रुग्णाची पद्धतशीर नोंद ठेवणारी देशातील पहिली कर्करोग नोंदवही १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली, परंतु ग्रामीण भागाचे चित्र त्यानंतरही दोन तपे अंधारातच राहिले. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे, बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी, पहिली ग्रामीण नोंदवही सुरू झाली. खेड्यातला रुग्ण आपण होऊन रुग्णालयात येत नसल्याने तिथे नोंदवहीच्या कार्यकर्त्यांनाच गावोगाव फिरावे लागे, लोकांशी बोलावे लागे, लक्षणे समजावून सांगावी लागत. या फिरण्याचा एक परिणाम सर्वांत बोलका आहे. गर्भाशयमुखाच्या, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या, कर्करोगाच्या स्त्रिया आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचाराला येऊ लागल्या, आणि हे कोणतेही नवे औषध किंवा यंत्र न आणता घडले.

याच भूमीवर पुढची मोठी चाचणी उभी राहिली. तत्कालीन उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची खेड्यांच्या समूहांनुसार, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, चार गटांत वाटणी करण्यात आली. एका गटात एचपीव्ही या कारक विषाणूसाठी चाचणी, दुसऱ्यात पॅप चाचणी, म्हणजे पेशी काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, तिसऱ्यात सौम्य ॲसेटिक आम्ल लावल्यावर पांढरे पडणारे डाग नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची पद्धत, तर चौथ्यात केवळ नेहमीची आरोग्यसेवा अशी ही योजना होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले : चौथ्या गटात ६४, तर एचपीव्ही गटात ३४. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर झालेल्या वेगळ्या चाचणीत मात्र, अल्प प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या डोळ्यांच्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्यामुळे पद्धतीइतकाच तिच्या पुनरावृत्तीचाही प्रश्न महत्त्वाचा ठरला. तुलनेच्या गटातील स्त्रियांची तपासणी न करणे नीतीला धरून होते काय, असा आक्षेप या चाचण्यांवर घेण्यात आला. तपासणीची कोणतीही व्यवस्था मुळातच नसलेल्या ठिकाणी ‘नेहमीची सेवा’ या शब्दांना किती अर्थ उरतो, हे लक्षात घेतले तर तो आक्षेप सहज बाजूला सारण्यासारखा नाही.

शस्त्रक्रियेच्या आणि औषधोपचाराच्या क्षेत्रातही परळच्या संशोधकांनी असेच घरचे प्रश्न हाती घेतले. तोंडाचा कर्करोग आरंभीच्या अवस्थेत असताना मानेतील लसिकाग्रंथी, म्हणजे रोग पसरताना ज्यांत तो प्रथम शिरतो त्या गाठी, सुजलेल्या नसतील तरीही आधीच काढाव्यात की सूज दिसेपर्यंत थांबावे, याविषयी शल्यविशारदांत अनेक दशके मतभेद होते. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के, तर थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते. रुग्ण तपासणीला नियमित परत येईल या भरवशावर थांबण्याचे धोरण टिकत नाही, हे इथल्या वैद्यांना आकडेवारीआधीच ठाऊक होते.

अलीकडची प्रगती मुख्यतः इम्युनोथेरपीतील, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध उभे करणाऱ्या उपचारांतील आहे, आणि तिची किंमत बहुतेक भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. यावर टाटा मेमोरियलमध्ये निव्होलुमॅब हे औषध प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, दर तीन आठवड्यांना २० मिलिग्रॅम, देऊन पाहण्यात आले. डोके व मानेच्या, बरा होण्याची शक्यता न उरलेल्या कर्करोगात, तोंडाने घेण्याच्या स्वस्त औषधांना या मात्रेची जोड दिल्याने वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. पूर्ण मात्रेशी थेट तुलना या चाचणीत नव्हती, हे नमूद करणे आवश्यक आहे. रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी काढून, त्यांच्यात जनुकीय बदल करून त्या परत देण्याची ‘कार-टी’ ही उपचारपद्धती मुंबईच्या आयआयटीने टाटा मेमोरियलच्या सहकार्याने देशातच विकसित केली आणि तिला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ती परदेशातील किमतीच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात मिळते, तरीही लाखो रुपयांच्या घरात जाते. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती लिग्नोकेन हे बधिर करणारे अगदी स्वस्त इंजेक्शन दिल्याने पाच वर्षांनी जिवंत असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेल्याचे २०२३ मध्ये मांडले. इतक्या साध्या उपायाने एवढा फरक पडावा, याविषयी साशंक असलेल्यांना अन्यत्र पुन्हा पडताळणी हवी आहे, आणि तशी मागणी गैर नाही.

या सर्व संशोधनापुढचा अडसर वैद्यकीय ज्ञानाचा कमी आणि ते पोहोचण्याचा अधिक आहे. रुग्ण उशिरा येतात, उपचार अर्धवट सोडतात, आणि मुंबईत महिनोन्‌महिने राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या आश्रयांवर विसंबून असतात. ही अडचण ओळखून २०१२ मध्ये देशभरातील रुग्णालयांना समान उपचारपद्धतीने जोडणारे राष्ट्रीय कर्करोग जाळे उभारण्यात आले. पण तपासणीच्या आघाडीवर शासनव्यवस्था संशोधनाच्या बरीच मागे राहिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली, तर २०१६ च्या भारतीय मार्गदर्शक सूचनांनी डोळ्यांच्या तपासणीवरच भर ठेवला होता. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांची या कर्करोगासाठी एकदा तरी तपासणी झालेली आढळली.